दुधाचं माप मिलीतून ग्रॅममध्ये: आधी कप ओळखा, मग काटा लावा

मिलीच्या आकड्याला १.०३ ने गुणलं की दुधाचं वजन ग्रॅममध्ये मिळतं. १०० मिली दूध १०३ ग्रॅम भरतं, अर्धा लिटर ५१५ ग्रॅम, एक लिटर १०३० ग्रॅम. उलट जायचं असेल तर ग्रॅमला १.०३ ने भागायचं. तोंडी हिशोबाला याहून सोपी रीत म्हणजे दर शंभर मिलीमागे तीन ग्रॅम वाढवायचे. कुणाला नुसता आकडा हवा असेल तर तो एवढाच.

पण पाककृती बिघडते ती सहसा या तीन टक्क्यांमुळे नाही. ती बिघडते ‘दोन कप दूध’ अशा लिहिण्यामुळे. कप म्हणून वापरात असलेली मापं २०० मिलीपासून २८४ मिलीपर्यंत पसरलेली आहेत. दोन कपांच्या कृतीत हा फरक १६८ मिलीपर्यंत जातो, म्हणजे जवळपास पाऊण कप. घनतेचा, म्हणजे या १.०३ चा, हिशोब विसरल्यामुळे त्याच दोन कपांत पडणारा फरक फार तर १५ ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणून १.०३ ला हात घालण्याआधी कप कुठला ते ठरवायचं. हा क्रम उलटा केला तर चुकीच्या मिलीचं अचूक वजन हाती येतं, आणि त्याचा काही उपयोग नसतो.

कृतीतला कप कोणता, हे कसं ओळखायचं

अमेरिकी कृतीतला कप २३६.६ मिलीचा असतो. व्यवहारात तो २३७ धरावा. अमेरिकेत पाकिटांवरच्या पोषणमाहितीत मात्र कप २४० मिलीचा मानतात, आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मेजरिंग कपांवरही २४० छापलेलं असतं. या दोहोंतला फरक स्वयंपाकाला जाणवत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या कृतींत कप २५० मिलीचा, जपानी कृतींत २०० मिलीचा. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत अर्ध्या पाइंटाचा कप भेटतो. तिथला पाइंट ५६८ मिलीचा, म्हणून तो कप २८४ मिलीचा. अमेरिकी पाइंट ४७३ मिलीचाच असतो, त्यामुळे ‘एक पाइंट दूध’ वाचल्यावर कृती अटलांटिकच्या कुठल्या बाजूची आहे हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कृती कुठली हे लिहिलेलं नसेल तर खुणा शोधायच्या. ओव्हनचं तापमान फॅरनहाइटमध्ये दिलंय, बटर ‘स्टिक’मध्ये मोजलंय, तर कप बहुधा अमेरिकी. त्याहून पक्की खूण कृतीतच सापडते: एखाद्या दुसऱ्या जिन्नसाचं माप कप आणि ग्रॅम असं दोन्हींत दिलेलं असतं. एक कप बटर म्हणजे २२७ ग्रॅम, एक कप साखर म्हणजे २०० ग्रॅम असं असेल तर २३७ मिलीचा कप. बटर २५० ग्रॅम आणि साखर २२० ग्रॅम दिसली तर २५० मिलीचा. दुधाच्या ओळीत काही सांगितलेलं नसलं तरी साखरेची ओळ कपाचं आकारमान सांगून जाते.

चमच्यांचंही तेच. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियात २० मिलीचा. टीस्पून सगळीकडे ५ मिलीचा धरायला हरकत नाही.

आणि औंस. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण फ्लुइड औंस हे आकारमानाचं माप आहे आणि नुसता औंस हे वजनाचं. ८ फ्लुइड औंस दूध म्हणजे अमेरिकी हिशोबाने २३७ मिली, म्हणजे २४४ ग्रॅम. ८ औंस वजनाचं दूध म्हणजे २२७ ग्रॅम. कृतीत द्रव पदार्थापुढे नुसतं ‘औंस’ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा फ्लुइड औंसच अभिप्रेत असतो, पण व्यावसायिक बेकिंगच्या कृतींत सगळे जिन्नस वजनाने दिलेले असतात आणि तिथे तो वजनाचा औंस असतो. पिठाचं मापही औंसातच आहे का, हे बघितलं की उलगडा होतो.

आपल्या हातातला कप तपासा

समजा कृती तुमचीच आहे, वर्षानुवर्षं एकाच कपाने करत आलेली, आणि आता ती ग्रॅममध्ये उतरवायची आहे. मग जगातल्या कपांशी काही देणंघेणं नाही. रिकामा, कोरडा कप काट्यावर ठेवा, टेअर बटण दाबून शून्य करा, आणि नेहमी जिथपर्यंत दूध भरता तिथपर्यंत साधं पाणी भरा. काट्यावर जितके ग्रॅम, तितक्या मिलीचा तुमचा कप. १७९५ साली फ्रान्समध्ये ग्रॅमची व्याख्याच एक घनसेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून केली होती, त्यामुळे पाण्यापुरतं मिली आणि ग्रॅम एकच आहेत; खोलीच्या तापमानाला पडणारा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

मग त्याच कपात दूध भरून थेट दुधाचंच वजन का करू नये? करावं. कृती नेहमी त्याच दुधाची असेल तर तो सर्वात सरळ रस्ता. पाण्याने मोजण्याचा फायदा असा की कपाचं आकारमान कायमचं कळतं आणि पुढे त्यात क्रीम मोजा, तेल मोजा, हिशोब मांडता येतो.

‘नेहमी जिथपर्यंत भरता तिथपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काठोकाठ भरलेल्या कपात आणि काठापासून अर्धा सेंटिमीटर खाली भरलेल्या कपात वीसेक मिलीचा फरक सहज पडतो. खुणांच्या भांड्यात मोजत असाल तर भांडं सपाट जागी ठेवून डोळा खुणेच्या पातळीत आणून वाचा. हातात उचलून वरून बघितलं तर आकडा चुकतो.

तयार आकडे

पूर्ण फॅटच्या, थंड किंवा खोलीच्या तापमानाच्या दुधासाठी:

१ टीस्पून (५ मिली): ५ ग्रॅम
१ टेबलस्पून (१५ मिली): १५.५ ग्रॅम
ऑस्ट्रेलियन टेबलस्पून (२० मिली): २०.५ ग्रॅम
जपानी कप (२०० मिली): २०६ ग्रॅम
अमेरिकी कप (२३७ मिली): २४४ ग्रॅम
२४० मिलीचा कप: २४७ ग्रॅम
२५० मिलीचा कप: २५८ ग्रॅम
जुना ब्रिटिश कप (२८४ मिली): २९३ ग्रॅम
अमेरिकी पाइंट (४७३ मिली): ४८७ ग्रॅम
ब्रिटिश पाइंट (५६८ मिली): ५८५ ग्रॅम
अमेरिकी क्वार्ट (९४६ मिली): ९७५ ग्रॅम

शंभर ग्रॅमच्या वरचे आकडे पाचाच्या पटीत गोल केले तरी चालतात. २५८ च्या जागी २६० लिहिल्याने कुठलाही पदार्थ फसत नाही.

१.०३ येतो कुठून

हे समजून घेण्यासारखं आहे, कारण एकदा कळलं की क्रीम आणि आटवलेल्या दुधाचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. दुधात तीन गोष्टी धरायच्या: पाणी, फॅट, आणि बाकीचे घन पदार्थ, म्हणजे प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार. या शेवटच्या गटाला दुग्धव्यवसायात एसएनएफ म्हणतात. फॅट पाण्याहून हलकं असतं, त्याची घनता ०.९३ च्या आसपास. एसएनएफ पाण्याहून बरंच जड, १.६ च्या आसपास.

आता १०० ग्रॅम दूध घ्या, ज्यात ३.५ ग्रॅम फॅट, ८.५ ग्रॅम एसएनएफ आणि ८८ ग्रॅम पाणी आहे. फॅट ३.८ मिली जागा घेतं, एसएनएफ ५.३ मिली, पाणी ८८ मिली. बेरीज ९७ मिली. १०० ग्रॅम वस्तू ९७ मिलीत मावली, म्हणून घनता १.०३.

म्हशीच्या दुधात फॅट जास्त, म्हणून ते हलकं भरेल असं वाटतं. पण त्यात एसएनएफही जास्त असतं. ६ ग्रॅम फॅट आणि ९ ग्रॅम एसएनएफ धरून तोच हिशोब केला तर पुन्हा ९७ मिलीच येतात. गाईचं असो वा म्हशीचं, आकडा तोच वापरायचा. फॅट काढून घेतलेल्या स्किम दुधात मात्र हलका घटक गेला आणि जड घटक राहिला, म्हणून ते थोडं जड: १.०३५. एका लिटरमागे पाच ग्रॅमचा फरक. स्वयंपाकात तो सोडून द्यावा.

दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर याच तत्त्वावर चालतो. त्यावर ३० वाचलं तर घनता १.०३०, २८ वाचलं तर १.०२८. ज्या तापमानासाठी तो बनवलेला असतो त्याच तापमानाला वाचन घ्यावं लागतं. आणि वरच्या हिशोबावरून हेही ध्यानात येईल की नुसत्या लॅक्टोमीटरवरून दुधाची शुद्धता ठरवता येत नाही: फॅट काढलं की आकडा चढतो, पाणी घातलं की उतरतो, दोन्ही केलं की पुन्हा जागेवर येऊ शकतो.

क्रीममध्ये काय होतं बघा. फॅट वाढत गेलं की घनता उतरत जाते. २० टक्के फॅटच्या क्रीमची १.०१, आणि ३० टक्क्यांच्या आसपास ती बरोबर १ वर येते. म्हणजे फेटण्यासाठी वापरतो त्या जाड क्रीमला मिली आणि ग्रॅम एकच धरा, गुणाकाराची गरजच नाही. फेटून झालेल्या क्रीमला मात्र मिलीचं माप लावूच नये. त्यात हवा किती शिरली ते दर वेळी वेगळं, त्यामुळे फेटण्याआधीचं वजन तेवढं खरं.

दही आणि ताक साधारण दुधासारखंच, १.०३. सोया, ओट, बदाम वगैरे वनस्पतीजन्य दुधांची घनता १ ते १.०३ च्या दरम्यान असते. मिली तितके ग्रॅम धरले तरी भागतं.

काट्यावर दूध मोजताना

सर्वात चांगली पद्धत म्हणजे ज्या पातेल्यात किंवा वाडग्यात पदार्थ करायचा तेच काट्यावर ठेवून, शून्य करून, त्यात थेट दूध ओतणं. मधलं मापाचं भांडं वगळलं की त्याच्या कडांना चिकटून राहणारं दूधही वगळलं जातं. साध्या दुधात ते दोनतीन ग्रॅमच असतं, पण जाड क्रीम किंवा कंडेन्स्ड मिल्कमध्ये चमचाभर मागे राहतं.

वाडग्यात आधीच पीठ, साखर असेल तर पुन्हा शून्य करून दूध ओता. पण हात सांभाळून. जास्त पडलेलं दूध पिठातून परत काढता येत नाही. अशा वेळी उलट वजन करावं: दुधाची पिशवी किंवा बाटली काट्यावर ठेवा, शून्य करा, उचलून थोडं ओता, परत ठेवा. काटा उणे १८० दाखवतो, म्हणजे १८० ग्रॅम गेलं. चुलीवर गरम असलेल्या भांड्यात दूध घालायचं असतं तेव्हाही हीच रीत कामाला येते, कारण तिथे पातेलं काट्यावर ठेवायचा प्रश्नच येत नाही.

काट्यावर ‘मिल्क’ किंवा दुधाचं चित्र असलेलं मिलीचं बटण असेल तर ते काय करतं हे माहीत असू द्या. काटा आकारमान मोजत नाही. तो वजनच मोजतो आणि १.०३ च्या आसपासच्या आकड्याने भागून मिली दाखवतो. त्यामुळे त्या बटणावर क्रीम किंवा कंडेन्स्ड मिल्क मोजलं तर आकडा चुकणार. माझं मत असं की काटा कायम ग्रॅमवर ठेवावा आणि हिशोब आपण करावा. नाही तर कुणीतरी बटण बदलून ठेवतं आणि आपल्याला ते पत्ताही लागत नाही.

एक ग्रॅमच्या पायरीने वाचणाऱ्या काट्यावर दहा ग्रॅमच्या आतलं काही मोजू नका. पाच ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के. चमचाभर दुधाला चमचाच बरा.

गरम दूध आणि आटवलेलं दूध

तापवल्यावर दूध फुगतं. फ्रिजमधल्या थंडपणापासून ८० अंश सेल्सिअसपर्यंत पाण्याचं आकारमान तीन टक्क्यांच्या आसपास वाढतं, दुधाचंही साधारण तेवढंच. म्हणजे थंड असताना एक लिटर असलेलं दूध उकळीजवळ आलं की मापात १०३० मिलीच्या घरात दिसतं, वर फेस असेल तो वेगळा. वजन मात्र तेच राहतं, वाफ होऊन गेलेलं पाणी तेवढं वजा. म्हणून दूध थंड असतानाच मोजा. कृतीत ‘एक कप गरम दूध’ म्हटलं असलं तरी थंड दूध २४४ ग्रॅम घ्या आणि मग तापवा.

आटवताना तर वजनाला पर्यायच नाही. ‘अर्धं होईपर्यंत आटवा’ हे उकळत्या, फेसाळत्या पातेल्याकडे बघून ठरवणं कठीण, आणि पातेलं वर पसरट असेल तर आणखी कठीण. असं करा:

रिकाम्या पातेल्याचं वजन ढवळायच्या चमच्यासकट करून लिहून ठेवा. समजा ९०० ग्रॅम. त्यात एक लिटर दूध, म्हणजे १०३० ग्रॅम घाला. वजनाने निम्मं करायचं तर ५१५ ग्रॅम उरायला हवं. म्हणजे पातेलं, चमचा आणि दूध मिळून १४१५ ग्रॅम झालं की थांबायचं. मधूनमधून पातेलं उतरवून तोला. काट्यावर आधी लाकडी पाट ठेवून शून्य करा आणि पातेलं त्यावर ठेवा, कारण तापलेला तळ थेट टेकवला तर काटा खराब होतो. पातेल्यासकट सगळं वजन काट्याच्या क्षमतेत बसतंय ना, हेही आधीच बघून घ्या.

इथे एक बारकावा. वजनाने निम्मं आणि आकारमानाने निम्मं हे एकच नाही. आटल्यावर घन पदार्थांचं प्रमाण दुप्पट होतं आणि घनता १.०६ च्या आसपास जाते, त्यामुळे ५१५ ग्रॅम आटीव दूध गार झाल्यावर ४८५ मिली भरतं. मापाच्या भांड्यात अर्धा लिटर हवा असेल तर ५३० ग्रॅमवर थांबायचं. डब्यातलं बिनसाखरेचं आटीव दूधही याच जातीचं, त्याला १.०६५ ने गुणा.

कंडेन्स्ड मिल्क आणि पावडर

साखर घातलेल्या कंडेन्स्ड मिल्कची घनता १.३ च्या आसपास आहे. ४०० ग्रॅमचा डबा ३०८ मिलीच भरतो. कृतीत ‘४०० मिली कंडेन्स्ड मिल्क’ असेल आणि आपण ४०० ग्रॅमचा डबा ओतला, तर जवळजवळ पाव भाग कमी पडतो. या लेखातला हा एक गुणाकार असा आहे की तो विसरला तर पदार्थ खरोखर बिघडतो. २५० मिलीचा कप म्हणजे ३२५ ग्रॅम.

दूध पावडर कपाने मोजू नये, एवढंच सांगतो. दाबून भरली, सैल भरली, दाणेदार आहे की पिठासारखी, यावर कपाचं वजन जवळजवळ दुप्पट-निमपट होतं. पावडरपासून दूध करायचं असेल तर पाकिटावरचं प्रमाण बघा. ते नसेल तर पूर्ण फॅटच्या पावडरला एकूण वजनाच्या साडेबारा टक्के हे प्रमाण चांगलं. ५०० मिली दुधाऐवजी, म्हणजे ५१५ ग्रॅमऐवजी, ६४ ग्रॅम पावडर आणि ४५१ ग्रॅम पाणी. बरेच जण ५०० मिली पाण्यातच ६४ ग्रॅम पावडर घालतात. मग एकूण ५६४ ग्रॅम दूध होतं आणि कृतीत ते जास्त पडतं.

पाण्याऐवजी दूध घालताना

पाव किंवा बनच्या कणकेत पाण्याच्या जागी दूध घालायचं असेल तर मिलीला मिली बदल करून चालत नाही, आणि ग्रॅमला ग्रॅमही नाही. दुधात पाणी ८७-८८ टक्केच असतं. ५०० ग्रॅम मैद्याला ३०० ग्रॅम पाणी लागत असेल तर तेवढंच पाणी येण्यासाठी दूध ३०० भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम लागेल. मापाच्या भांड्यात ते ३३० मिली. मी आधी ३२० ग्रॅम घालून उरलेलं कणीक बघत चमच्याचमच्याने घालण्याच्या मताचा आहे, कारण मैद्याची पाणी ओढण्याची ताकद पिशवीगणिक बदलते. कणकेत दोन टक्के द्रवाचा फरक हाताला कळतो, म्हणून इथे काटा हवाच.

कस्टर्डला, व्हाइट सॉसला तेवढं नेमकं असायची गरज नाही. अर्ध्या लिटरला ५१५ ऐवजी ५०० ग्रॅम दूध घातलं तर एक टेबलस्पून कमी पडलं, बस. एका अंड्यात आणि दुसऱ्यात याहून जास्त फरक असू शकतो. मोठ्या प्रमाणावर करताना पुन्हा सावध व्हा: वीस लिटर दुधाला वीस किलो धरलं तर ६०० ग्रॅम दूध कमी पडतं.

वहीत उतरवताना

बदललेली कृती लिहिताना ग्रॅमचा आकडा मुख्य ठेवा आणि मूळ माप बाजूला कंसात लिहा: ‘दूध ४९० ग्रॅम (२ अमेरिकी कप), पूर्ण फॅटचं, थंड मोजलेलं’. कप कुठला धरला होता हे न लिहिलेली कृती पुढे पुन्हा तपासता येत नाही. आणि कृती दीडपट किंवा निमपट करायची असेल तर आधी ग्रॅममध्ये आणून मगच गुणा-भागा. गोल केलेल्या आकड्यांना पुन्हा पुन्हा कप-मिली-ग्रॅम असं फिरवत राहिलं की प्रत्येक फेरीत थोडी चूक वाढते.